चळवळीतून संसदेकडे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

चळवळ सोडून निवडणुकीच्या राजकारणात उतरावे का, असे तू विचारले आहेस. हो किंवा नाही म्हणण्याऐवजी मी तुला नेदरलँड्सच्या डीडेरिक समसोम यांची वाटचाल बारकाईने पाहायला सांगेन. डेल्फ्टला अणुभौतिकी शिकलेले समसोम ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेसाठी मोहिमा चालवत असत. त्यामुळे विरोधकांचे गणित त्यांना पाठ होते, आणि माझ्या मते पुढे तीच त्यांची खरी शिदोरी ठरली.

2003 मध्ये ते मजूर पक्षाचे खासदार झाले आणि 2012 मध्ये पक्षनेते. त्याच वर्षी त्यांनी संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील 150 पैकी 38 जागा जिंकल्या, पण ज्या उजव्या पक्षाच्या पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्याविरुद्ध प्रचार केला होता त्यांच्याच पक्षाशी आघाडी केली. मतदारांना ते रुचले नाही. 2016 च्या अखेरीस त्यांचे पक्षनेतेपद गेले आणि 2017 मध्ये पक्ष 9 जागांवर आला. आघाडी अपरिहार्य होती हे मी मान्य करतो. मात्र ज्या पक्षावर कडाडून टीका करायची, त्याच्याशी उद्या हातमिळवणी करावी लागेल का, याचा विचार प्रचाराआधीच करायला हवा.

तू विशेष लक्ष द्यावेस ते हवामान कायद्याकडे. सप्टेंबर 2016 मध्ये समसोम आणि हरित डाव्या पक्षाचे येस्से क्लावर यांनी हे विधेयक मांडले, तेव्हा 1990 च्या तुलनेत हरितगृह वायूंचे उत्सर्जन 2030 पर्यंत 55 टक्के आणि 2050 पर्यंत 95 टक्के घटवण्याचे उद्दिष्ट त्यात होते. 2019 मध्ये अनेक पक्षांच्या पाठिंब्याने कायदा झाला, तोवर समसोम संसदेत नव्हते आणि 55 चे 49 झाले होते. 95 मात्र टिकले. चळवळीतल्या माणसाला ही घट शरणागती वाटेल. मला ती तशी वाटत नाही, कारण उजव्या पक्षांच्या सहीमुळे सरकार बदलले तरी कायदा मोडीत निघणे अवघड झाले.

त्यानंतर समसोम युरोपीय आयोगात हवामान धोरण सांभाळणारे उपाध्यक्ष फ्रान्स टिमरमान्स यांच्या कार्यालयाचे प्रमुख झाले. तिथे हरित कराराचे (युरोपीय संघाच्या हवामान-धोरण योजनेचे) काम चालू असतानाच, 2021 मध्ये, 2030 पर्यंत निव्वळ उत्सर्जनात किमान 55 टक्के घट हे युरोपीय संघाचे कायदेशीर उद्दिष्ट झाले, आणि 2023 मध्ये डच कायद्यातही 49 च्या जागी 55 आले.

निवडणुकीचा अर्ज भरण्यापूर्वी 2016 चे विधेयक आणि 2019 चा कायदा शेजारी ठेवून वाच, आणि यांतली कोणती तडजोड तू स्वतः केली नसतीस, ते मला सविस्तर कळव.

तुझा,
एक जुना कार्यकर्ता