शिंगे वाजवणारी मुलगी आणि अडलेली गोष्ट

"आमचे मूल दिवसभर देव, राक्षस आणि जादूच्या गोष्टींत असते, त्याला खरे-खोटे कळेनासे तर झाले नाही ना?" लंडनच्या आग्नेय भागातील माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की पालक खुर्चीत बसण्याआधीच तो मला ओळखू येतो. मराठी पालक तो वेताळ आणि हडळींच्या निमित्ताने विचारतात. पेकहॅमकडचे नायजेरियन पालक ओरिशांच्या, म्हणजे नायजेरियातील योरुबा लोकांच्या देवतांच्या, निमित्ताने विचारतात. योरुबा पुराणकथांवर आधारलेल्या मुलांच्या साहसकथा आता इंग्रजीत सहज मिळतात आणि त्या वाचून मुले स्वतःही तशाच कथा रचू लागतात. म्हणून एका कुटुंबाचा अनुभव येथे मांडते. ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतील बोलणे थोडक्यात आणले आहे.

मुलगी नऊ वर्षांची होती, लंडनमध्येच जन्मलेली. आईवडील नायजेरियातील इबादान शहरात वाढलेले आणि चर्चला नेमाने जाणारे होते. वर्ग चालू असताना ती पुठ्ठ्याची दोन शिंगे बाकाखाली एकमेकांवर आपटते आणि विचारले तर "मी बोलावते आहे" एवढेच सांगते, असे शाळेने कळवले होते. योरुबा कथेत वारा-वादळाची देवता ओया ही रानम्हशीचे रूप घेते. मनुष्यरूपात ती एका शिकाऱ्याशी संसार करते, पण तिचे गुपित फुटल्यावर तिला रानात परतावे लागते, आणि जाताना ती आपली शिंगे मुलांसाठी ठेवून जाते. मुलांनी ती वाजवली की तिने धावून यायचे, असा तो करार आहे. मुलीने ही कथा पुस्तकात वाचली होती.

"हे सगळे आम्ही मागे सोडले," आई म्हणाली. "माझ्या माहेरी या देवतांचे नावसुद्धा काढत नसत. आणि ही त्यांना हाका मारते!"

या भीतीला मी हसले नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी चौरस्त्यावरच्या एशू या खट्याळ निरोप्या देवतेला थेट सैतान ठरवले, आणि ती शिकवण पिढ्यान्‌पिढ्या घरात झिरपली आहे. दुसऱ्या बाजूने मला वेगळी खबरदारीही घ्यायची होती. मुलाला भुताने झपाटले आहे असे ठरवून त्याचा अमानुष छळ झाल्याच्या घटना या शहरात घडल्या आहेत. त्यामुळे घरात किंवा प्रार्थनासभेत कोणी या मुलीला तसे काही म्हटले आहे का, याची खात्री मी सर्वांत आधी करून घेतली. तसे काही नव्हते. घरात काळजी होती आणि बरेचसे मौन होते.

मुलीकडे एक जाड वही होती. तिच्या कथेची नायिका आजीला शोधण्यासाठी प्रेतात्म्यांचे रान ओलांडत होती. पहिली चाळीस पाने भराभर लिहिलेली होती. मग एका चौरस्त्यावर कथा थांबली होती आणि पुढच्या पानांवर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा लिहून खोडला होता.

"ती पुढे का जात नाही?" मी विचारले.

"एशूने तिला अडवले आहे. तो म्हणतो, तू कोणाची कोण ते म्हणून दाखव, मग सोडतो. तिला ओरिकी म्हणावी लागेल."

"मग?"

"तिला पहिल्या दोनच ओळी येतात. बाकीच्या आजीला येत होत्या."

ओरिकी म्हणजे माणसाची आणि त्याच्या कुळाची स्तुतिकविता. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया, विशेषतः आज्या, ती लहान मुलांना उद्देशून म्हणतात आणि त्यातून पूर्वजांची नावे, त्यांचे गाव, त्यांचे पराक्रम आणि कधी त्यांच्या खोड्याही मुलाच्या कानावर पडतात. ही आजी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर नातीला तिची ओरिकी ऐकवत असे. आदल्या वर्षी ती इबादानमध्ये वारली. वडील एकटेच अंत्यविधीला जाऊन आले आणि त्यानंतर घरात तिचा विषय निघाला नाही.

मी ज्यांच्याकडून सर्वाधिक शिकले त्या डोनाल्ड विनिकॉट या लंडनच्याच बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकांचे एक सांगणे मला येथे उपयोगी पडले. खेळणाऱ्या मुलाला "हे तू रचलेस, की तुला बाहेरून मिळाले?" असा प्रश्न कधी विचारू नये, असे ते म्हणत. मूल ज्या जागेत खेळते ती जागा या दोन्हींच्या मधली असते आणि तेथेच ते जगाशी जुळवून घेत असते. या घरात नेमका तोच प्रश्न रोज विचारला जात होता. वही पुन्हा चाळताना माझ्या लक्षात आले, आणि हे निदान मला जमले याचे समाधान मी लपवत नाही, की मुलीची कल्पनाशक्ती मुळीच मोकाट सुटलेली नव्हती. मोठ्यांनी जेथे बोलणे थांबवले होते, अगदी तेथेच तिची कथा अडली होती. आणखी कल्पना लढवून तिला पुढे जाता येणार नव्हते. तिला हवी होती ती घरातली माहिती.

मुलीची परवानगी घेऊन मी पुढच्या भेटीला वडिलांना बोलावले. तिने चौरस्त्याचे पान मोठ्याने वाचले आणि त्या दोन ओळींपाशी थांबली. आतापर्यंत प्रत्येक भेटीत घड्याळाकडे पाहणारा तो गृहस्थ योरुबात तिसरी ओळ म्हणाला, मग चौथी, मग पाचवी. मुलगी खुर्चीतून उतरून गुडघ्यांवर बसली. योरुबा मुली मोठ्यांना नमस्कार करताना बसतात तशी. सहाव्या ओळीला त्याचा आवाज अडखळला.

"पुढचे मला येत नाही," तो म्हणाला. "आईलाच येत होते."

"मग आत्याला विचारा ना," मुलगी म्हणाली, आणि तो रडू लागला.

त्या क्षणापर्यंत बाप आणि लेक एकाच माणसासाठी झुरत होते, पण एकमेकांपासून लपून. दोघांनाही तीच कविता अपुरी येते, हे त्यांना त्या खोलीत प्रथमच कळले. आठवडाभराने आत्याने इबादानहून पूर्ण ओरिकी ध्वनिमुद्रित करून पाठवली. शिंगे शाळेतून घरी आली आणि तेथेच राहिली.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी सांगते, की "हे खरे का?" हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा आणि "आता गोष्टीतल्या पात्राला काय हवे आहे?" असे विचारून पाहा. उत्तरात बहुधा तुमच्याच घरातील एखादे माणूस, गाव किंवा न सांगितलेली घटना निघते. ती सांगा, जेवढी आठवते तेवढीच सांगा. तुमची श्रद्धा वेगळी असेल तर तेही शांतपणे बोला. आईवडील ज्याला भजत नाहीत, त्या देवतेची गोष्ट मूल आनंदाने ऐकू शकते. मात्र मूल गोष्टीतून बाहेर येऊ शकत नसेल, झोप किंवा जेवण तुटले असेल, गोष्टीतील पात्र त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

आईचे मत पूर्णपणे बदलले नाही आणि ते बदलावे असा माझा आग्रहही नव्हता. डी. ओ. फागुन्वा या ख्रिस्ती शिक्षकाने १९३८ मध्ये योरुबात लिहिलेली, भुताखेतांच्या रानात शिरणाऱ्या शिकाऱ्याची कादंबरी आपण दोघांनीही शाळेत वाचली होती, याची आठवण वडिलांनी तिला करून दिली, तेव्हा ती थोडी सैलावली. आधी प्रार्थना, मग वही, असा नियम तिने घातला. एशू तिला अजूनही खपत नाही. पण ती स्वतः जुळ्यांपैकी दुसरी जन्मलेली आहे, आणि मुलीने कथेत आणलेल्या जुळ्या बहिणींत पहिलीला थोरली म्हटलेले पाहून तिने वही ओढून घेतली व ते वाक्य खोडायला लावले. योरुबांमध्ये मागून येणारीच थोरली मानतात. जग कसे आहे ते चाखून पाहायला तिने धाकटीला पुढे पाठवलेले असते.