ब्लॅक बुकच्या डिस्कशनमध्ये नक्की काय लिहायचं?

टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) ब्लॅक बुकसाठी, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टसाठी, मुंबईच्या एसी लोकलवर सर्व्हे केलायस, रिझल्ट झाले, पण डिस्कशन वाचून गाईड मॅडम म्हणाल्या "हे तर रिझल्टच परत लिहिलेत", मग वेगळं काय लिहू, असा तुझा प्रश्न आहे. (स्टुडंट आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको.) मॅडमचं बरोबर आहे. मी अशी बरीच ब्लॅक बुकं तपासतो, निम्म्या पोरांचं डिस्कशन म्हणजे पाय चार्टचं वाचन, "65 टक्के हो म्हणाले, 35 टक्के नाही म्हणाले", अरे ते मागच्याच पानावर बघितलं ना मी!

समजा 100 पैकी 65 जण म्हणाले की भाडं कमी झाल्यापासून एसीने जास्त जातो. हा झाला रिझल्ट. आता असं का झालं असेल आणि दुसरं काही कारण असू शकतं का, इथून डिस्कशन सुरू होतं. 5 मे 2022 पासून एसीचं सिंगल तिकीट जवळपास निम्म्यावर आलं, कमीत कमी भाडं 65 वरून 30 रुपये, हे खरंय, पण त्याच सुमारास कोविडनंतर ऑफिसं, कॉलेजं परत भरत होती आणि एसीच्या फेऱ्यापण वाढवल्या होत्या, मग नेमकं कशामुळे? कपात सिंगल तिकिटात होती, तर तिकीटवाले आणि पासवाले वेगळे करून बघ, पासवालेपण तेवढेच वाढलेले दिसले तर तुझं भाड्याचं कारण लंगडं पडतं. डेटावरून सांगता येत नसेल तर तसंच लिही, ठोकून देऊ नको.

लिमिटेशन्समध्ये "सँपल लहान होतं" एवढंच सगळे लिहितात, त्याला काही अर्थ नाही. त्याने आकडा कुठे सरकला ते सांग ना. सकाळी चर्चगेटला एसीतून उतरणाऱ्यांकडूनच फॉर्म भरून घेतले असशील तर परवडत नाही म्हणून साध्या डब्यात लोंबकळणारे तुझ्या सर्व्हेत आलेच नाहीत, म्हणजे 65 हा आकडा फुगलेला असणार. असं लिहिलंस की व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नलकडे, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाकडे, विचारायला फारसं उरत नाही.

आधीच्या अभ्यासांशी जुळतंय की नाही ते लिही, जुळत नसेल तर लपवू नको, उलट तिथेच जास्त लिहिण्यासारखं असतं. नवा आकडा डिस्कशनमध्ये घुसवू नको. आणि प्लीज, 100 जणांच्या गुगल फॉर्मवरून रेल्वेला सल्ले देऊ नको.