मामाची मुलगी लग्नाला चालते, मग चुलत बहीण का नाही?

प्रश्न रास्त आहे. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडं मामाच्या मुलीवरून पोराला जन्मल्यापासून 'तुझी बायको' म्हणून चिडवतात, आणि चुलतबहिणीचं नुसतं नाव काढलं तरी कानाखाली बसेल. रक्ताचं अंतर मात्र दोघींचं सारखंच!

मानववंशशास्त्र सांगतं की नातं रक्तावर मोजलं जात नाही, समाज ते ठरवतो. चुलता म्हणजे आपलीच भाऊबंदकी, एकच कूळ. म्हणून त्याची मुलं सख्ख्या भावंडांसारखी. मावशी आईच्या जागी, म्हणून मावसभावंडंही तशीच. मामाचं कूळ मात्र वेगळं, तिथून मुलगी आणता येते.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 च्या ग्रंथात नात्यागोत्यांच्या रीतींवरून भारताचे विभाग पाडले; त्यात महाराष्ट्र मध्य विभागात आणि कर्नाटक दक्षिण विभागात मांडला. आम्ही नेमके त्या सांध्यावर. कन्नडमध्ये 'माव' म्हणजे मामाही आणि सासराही, 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही. आमच्या घरी आई मराठीच बोलते, पण सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्ती म्हणते. दोघंही तिच्या माहेरच्या नात्यातले नाहीत, तरी हाक तीच. आमच्या नात्यांवर दक्षिणेकडच्या रीतीची छाप असल्याचा मला हा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. कन्नड मुलखात काही समाजांत सख्ख्या भाचीशीही लग्न होतं, ते मात्र आमच्या घरात कुणाला पटत नाही.