किलीमांजारो: पाच दिवसांचं पॅकेज घेऊ की आठ दिवसांचं?

प्रश्न: मी फोंड्याला हायस्कूलमध्ये शिकवते, वय ४८. बीपीची एक गोळी रोज चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. आम्ही चार मैत्रिणी आफ्रिकेत टांझानियातल्या किलीमांजारो डोंगरावर जायचं म्हणतोय. दोन पॅकेजं आलीत, एक पाच दिवसांचं मारांगू रूटचं आणि दुसरं आठ दिवसांचं लेमोशो रूटचं, ते बरंच महाग आहे. ट्रेकिंगचा अनुभव जवळजवळ नाहीच. पाच दिवसांत होणार नाही का? आणि शाळेच्या सुट्टीत कधी जाता येईल?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर: ताई, पैसे कमी पडत असतील तर एक वर्ष थांबा, पण पाच दिवसांचं घेऊ नका. इतकं ठासून सांगतोय कारण २०१६ साली मी नेमकं तेच पॅकेज घेतलं होतं. कंपनीने फोनवर सांगितलं की तुम्ही तरुण आहात, गोव्यात डोंगर चढता, तुम्हाला काय होणार. मारांगूवर पहिली रात्र साधारण २,७०० मीटरवर, दुसरी ३,७०० वर, तिसरी ४,७०० वर, म्हणजे रोज एक हजार मीटर चढून झोपायचं आणि त्या तिसऱ्याच रात्री बारा वाजता उठून शिखराला निघायचं. किबो हटवर, म्हणजे त्या तिसऱ्या मुक्कामी, संध्याकाळीच मला उलट्या सुरू झाल्या, डोकं असं ठणकत होतं की पापणी हलवली तरी कळ यायची. तरी निघालो, पाय चालत होते, दमसुद्धा होता, पण गिलमन्स पॉइंटला पोचेपर्यंत माझी पावलं वाकडी पडायला लागली आणि गाईडने मला तिथूनच मागे फिरवलं. शिखर तिथून फक्त दोनशे मीटर उंच होतं. त्या माणसाने फिरवलं म्हणून मी आज हे लिहितोय, हे मला नंतर डॉक्टरांशी बोलल्यावर कळलं.

कारण साधं आहे. वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण इथल्याइतकंच असतं, २१ टक्के, पण हवेचा दाब कमी होत जातो आणि ५,८९५ मीटरच्या शिखरावर तो आपल्या मिरामार किनाऱ्यावरच्या दाबाच्या जेमतेम निम्मा राहतो, म्हणजे एका श्वासात निम्माच ऑक्सिजन. शरीराला ह्याची सवय होते पण त्याला दिवस लागतात, त्यात घाई चालत नाही. डॉक्टर लोक सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीनचार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम करावा. आता पाच दिवसांचं पॅकेज ह्या नियमात कुठे बसतं ते तुम्हीच बघा. लेमोशोवर तुम्ही शिरा पठारावर दोन रात्री काढता, मग लावा टॉवरला ४,६०० पर्यंत चढता आणि त्याच दिवशी झोपायला खाली बरांकोला येता, ३,९०० च्या आसपास. चढायचं उंच, झोपायचं खाली. मला दुसऱ्या वेळी ह्याच रूटने जमलं. आठ दिवस महाग पडतात कारण नॅशनल पार्कची फी दर दिवसाची असते आणि सगळ्या टीमची मजुरीही, तो पैसा तुम्ही त्या सवयीसाठी भरताय असं समजा.

बीपीचं म्हणाल तर गोळी चालू असलेले कितीतरी लोक जाऊन येतात, पण तुमच्या फिजिशियनला भेटल्याशिवाय बुकिंग करू नका, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टबद्दल त्यांनाच विचारा. डायमॉक्स नावाची गोळी उंचीच्या त्रासासाठी आधीपासून देतात, ती घ्यायची की नाही तेही डॉक्टरांनी ठरवायचं. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात आणि डायमॉक्सही तेच करतं म्हणून दोन्ही नावं त्यांच्यासमोर ठेवा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. डायमॉक्सने बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरू नका.

सुट्टीचं जरा अवघड आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे मोठा पाऊस असतो, मार्चअखेरपासून मेपर्यंत, आणि दिवाळीच्या सुमारास छोटा पाऊस सुरू होतो. जून ते ऑक्टोबर उत्तम कोरडा काळ, म्हणजे आपल्याकडे धो धो कोसळत असतो तेव्हा तिकडे आकाश मोकळं, पण तेव्हा शाळा चालू आणि चवथीला तर गोंयकार घर सोडून जाणार नाही. म्हणून मी म्हणेन की नाताळच्या सुट्टीला रजा जोडा आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात चढा. मुख्याध्यापकांना आत्ताच सांगून ठेवा!

थंडीचा अंदाज आपल्याला येत नाही. इथे तापमान वीसवर आलं की आपण स्वेटर शोधतो, तिथे शिखराच्या रात्री उणे दहा ते उणे वीस सहज जातं. जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग डोंगराच्या पायथ्याच्या मोशी शहरात भाड्याने मिळते, पण बूट इथूनच घ्या आणि तीन महिने रोज घालून चाला.

प्रश्न: मी वाळपईचा, वय २४, हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत धावतो. मला किलीमांजारोसाठी वेगळी तयारी लागेल का? उंचीचा त्रास फिट माणसाला कमी होतो ना?

उत्तर: नाही रे बाबा, हा गैरसमज काढून टाक. फिटनेसमुळे पाय दुखत नाहीत आणि थकवा कमी येतो, पण उंचीचा त्रास फिट माणसालाही तितकाच होतो, उलट जोरात चालणारी तरुण पोरं जास्त अडकतात कारण ती लवकर लवकर वर जातात. तिथले गाईड दिवसभर एकच शब्द म्हणतात, पोले पोले, म्हणजे हळूहळू, आपण सवकास म्हणतो ना तसं. गाईडच्या पुढे जायचं नाही, बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं.

तयारी मात्र हवीच आणि ती उतरायची जास्त हवी. शिखरावरून म्वेका कॅम्पपर्यंत त्याच दिवशी जवळजवळ २,८०० मीटर उतरायचं असतं, तेही रात्रभर चढून झाल्यावर, तिथे गुडघे बोलायला लागतात. तुझ्या सत्तरी तालुक्यातच सोसोगड आहे, गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर, पण तो म्हादई अभयारण्यात येतो म्हणून वनखात्याची परवानगी काढून जा. एरवी पारोड्याच्या चंद्रनाथाला पाठीवर आठ किलो घेऊन सकाळी दोनदा चढ-उतर कर, आठवड्यातून दोन वेळा, पावसाळ्यात शेवाळ असेल तर एखाद्या उंच बिल्डिंगचा जिना.

आणि हे पाठ कर. नुसतं डोकं दुखतंय तर तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. पण बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही, सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावून चालता येत नाही किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली. गोळी, ऑक्सिजन काय ते उतरता उतरता. त्रास लपवायचा नाही, गाईडला खरं सांगायचं. इन्शुरन्स घेताना ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर त्यात लेखी आहे का ते वाच, बऱ्याच पॉलिसींमध्ये नसतं.

प्रश्न: माझं सामान दुसऱ्याच्या डोक्यावर देणं मला पटत नाही. पोर्टरशिवाय जाता येत नाही का?
(मडगाव)

उत्तर: तुमची भावना मला समजते, मलाही पहिल्या दिवशी लाज वाटली होती. पण लायसन्स असलेल्या गाईडशिवाय तिथे चढायलाच देत नाहीत आणि तंबू, शिधा, गॅस, पाणी हे सगळं कोणीतरी न्यायलाच हवं. एका ट्रेकरमागे तीन-चार पोर्टर लागतात. डोंगराच्या पायथ्याच्या गावांतल्या लोकांची घरं ह्याच कामावर चालतात, तुम्ही सामान स्वतः उचललंत तर एकाचं काम जाईल. प्रश्न त्यांना नीट वागवतात का हा आहे. पार्कच्या नियमाप्रमाणे एका पोर्टरवर २० किलोपेक्षा जास्त ओझं नसावं, म्हणून कंपनीला बुकिंगच्या आधी विचारा की वजन काट्यावर करता का, दिवसाची मजुरी किती देता, त्यांना तीन वेळचं जेवण आणि झोपायला तंबू आहे का. जी कंपनी फारच स्वस्तात नेते ती हे पैसे कुठून वाचवते ते ह्या प्रश्नांच्या उत्तरांवरून कळतं. जो उत्तर टाळेल त्याच्याकडे जाऊ नका. टिप हा तिथे मजुरीचाच भाग असतो, ती आधीच बाजूला काढून ठेवा आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर प्रत्येकाच्या हातात द्या, एकाकडे सगळी रक्कम देऊ नका.

दुसऱ्या वेळी शिखरावर पोचलो तेव्हा आमच्या गाईडने मला शिखराच्या नावाचा, उहुरू ह्या स्वाहिली शब्दाचा, अर्थ सांगितला, स्वातंत्र्य. टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भाग, ९ डिसेंबर १९६१ ला स्वतंत्र झाला तेव्हा अलेक्झांडर न्यिरेंडा नावाच्या लेफ्टनंटने तिथे वर जाऊन झेंडा आणि मशाल लावली होती. मी गाईडला म्हटलं की आमचा गोवा त्याच महिन्यात, १९ तारखेला मुक्त झाला, दहा दिवसांनी. माझे वडील तेव्हा डिचोलीला शाळेत होते. गाईडने ते मागे बसलेल्या पोरांना स्वाहिलीत सांगितलं आणि ती सगळी उठून माझ्याशी हात मिळवायला आली.