पावसात लॉन पिवळं पडतंय, युरिया टाकू का?

प्रश्न : कळंब्यात घरापुढं अर्धा गुंठा लॉन आहे, आपली साधी हरळीच, काळी माती. उन्हाळ्यात पाणी घालून घालून हिरवंगार ठेवलेलं आणि आता जुलैत पाऊस लागलाय तर पिवळं पडायलंय. माळीमामा म्हणतात युरिया टाका. दर आठवड्याला अगदी बारीक कापून घेते मी. चुकतंय कुठं?
– एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : ताई, युरिया आत्ता अजिबात नको. गवत उपाशी नाहीये, त्याची मुळं गुदमरायलीत. आपली काळी माती संततधारेत चिकट होऊन बसते, मातीतली हवेची जागा पाणी घेतं, मग वरनं कितीही खत टाका, मुळं ते उचलणार कशी? बराचसा युरिया पाण्याबरोबर गटारीत जाणार आणि जे थोडं लागेल त्यानं लुसलुशीत पान येणार, ज्याला दमट हवेत बुरशी पटकन धरते.

आधी साचलेलं पाणी काढा, कडेनं वीतभर खोल चर पुरते. मग दोन-तीन दिवस उघडीप मिळून वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की दातेरी फावड्यानं 3-4 इंच खोल भोकं पाडा, जवळजवळ पाडा, कंटाळा करू नका, आणि त्यात जाड वाळू नि चाळलेलं शेणखत झाडून सोडा. माझ्या मते पावसाळ्यात लॉनसाठी एवढं एकच काम केलं तरी निम्मी काळजी मिटते.

दुसरी चूक बारीक कापायची. पान हेच गवताचं स्वयंपाकघर आहे ओ, ते सगळंच उडवलं तर मुळांना जेवू कोण घालणार? एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका, म्हणजे 3 इंच वाढलं तर 2 इंचावर थांबायचं. ओल्यात कापू नका, पातं धारदार ठेवा, कापलेलं गवत आत्ता उचलून टाका.

लव्हाळ्याचं तण दिसलं तर माती मऊ आहे तोवर खुरप्यानं गाठीसकट काढा, नुसतं ओढलं की पान हातात नि गाठ खाली, आठवड्यात परत हजर.

सप्टेंबरात पाऊस ओसरला की युरिया द्या, अर्ध्या गुंठ्याला अर्धा किलो पुरे, पान कोरडं असताना सारखा पसरून लगेच पाणी मारा. आणि हरळी म्हणजे दूर्वाच, तर उन्हातली एक पट्टी न कापता राहू द्या, गणपतीच्या 21 जुड्या घरच्याच होतील.