ओव्हरटाइमच्या कागदावर सही केलीय, तरी दुप्पट पैसे मागता येतात का?

येतात. तुम्ही लिहिलंय की नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत ठेकेदारामार्फत लागलात, भरतीच्या दिवशीच ‘ओव्हरटाइमला हरकत नाही’ अशी सही घेतली, आणि आता आठ तासांवर रोज तीन तास ओटी (ओव्हरटाइम) सिंगल दराने, तीही वेगळ्या वाउचरवर रोख मिळते. त्या दिवशी सही नाकारणारा गेटबाहेरच राहतो, त्यामुळे तिला संमती म्हणणंच जिवावर येतं. पण धरली तरी ती जास्त वेळ थांबायची संमती आहे, कमी पैशांची नाही. दुप्पट दर १९४८च्या कारखाने अधिनियमात होता, २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे.

आठ तासांची रोजी ६०० धरा. तासाला ७५, म्हणजे ओटीला १५०. तीन तासांचे ४५० व्हायला हवेत, हाती येतात २२५. सव्वीस हजेऱ्यांमागे महिन्याला ५,८५० रुपये बुडाले. काही ठिकाणी दुप्पट देतात, पण नुसत्या बेसिकवर. महागाई भत्ताही धरावा लागतो.

आता तास मोजा: महिन्याला ७८, तिमाहीला २३४. राज्य सरकारने २०२५ मध्ये तिमाहीची मर्यादा ११५ वरून वाढवायचं ठरवलं, तेही १४४ पर्यंतच. तुमची ओटी पगारपत्रकात का दिसत नाही, ते इथे कळतं. दाखवली तर ठेकेदार आणि कंपनी त्यांच्याच कागदावर सापडतात.

म्हणून पुरावा तुम्हीच जमवा. आत-बाहेरच्या वेळा रोज डायरीत लिहा. वाउचरचा फोटो आणि ‘आज थांबायचं आहे’ हे सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप मेसेज जपून ठेवा. वाउचरवर सही करताना रकमेशेजारी तास लिहा. कोऱ्यावर सही नकोच.

तक्रारीला एकटे जाऊ नका भाऊ. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं बंधन निरीक्षकावर असलं, तरी एकट्याला ओळखायला कितीसा वेळ लागतो? मग ठेकेदार ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणून मोकळा. नोंदणीकृत युनियनला तुमच्या वतीने वेतनाचा दावा लावता येतो, मुदत ३ वर्षांची. ठेकेदाराने हात वर केले तर मूळ कंपनी देणं लागते, म्हणून अर्जात दोघांचीही नावं घाला. पैशांसाठी कामगार आयुक्तालय, तासांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. दोन्हींची कार्यालयं नागपुरात आहेत. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तडजोडीत थोडे पैसे टेकवून ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेला कागद पुढे करतात. रक्कम तुमच्या डायरीशी जुळत नसेल तर त्यावर सही करू नका.