मोफत कायदेशीर मदतीचा दर्जा कसा जोखावा?

प्रश्न : आमची संस्था गरजूंना मोफत वकील मिळवून देते. किती प्रकरणे हाताळली आणि किती जिंकली, एवढीच नोंद आम्ही ठेवतो. ती पुरेशी आहे का?

उत्तर : नाही. प्रकरणांच्या संख्येवरून कामाचा व्याप कळतो, दर्जा नव्हे. आणि केवळ निकालावरून वकिलाची पारख होऊ लागली, तर अवघड प्रकरणे टाळण्याकडे त्याचा कल वाढतो. जामिनाचा अर्ज वेळेत दाखल झाला का, सुनावणीपूर्वी वकील पक्षकाराला भेटला का, दिलेल्या सल्ल्याची लेखी नोंद आहे का, हे फाइल उघडूनच पाहावे लागते. इंग्लंड व वेल्समध्ये अनुभवी वकील अशा कामाच्या निवडक फाइली तपासून १ ते ५ अशी श्रेणी देतात. त्यात १ म्हणजे सर्वोत्तम. पक्षकाराचे मत जरूर विचारावे, परंतु अदबीने बोलणाऱ्या वकिलाने एखादा महत्त्वाचा मुद्दा मांडलाच नाही, हे त्याच्या लक्षात येईलच असे नाही. पोटगीचा आदेश मिळाला, पण रक्कम खरोखर हाती पडते का, हे काही महिन्यांनी विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. माझ्या मते तुमच्या नोंदवहीत पहिला नवा रकाना याचाच हवा.